चंपकाक्कांचा आकडा

परवा पुण्यात, आमच्या घराजवळच्या दुकानात तांदळाची एक पिशवी दिसली. तिच्यावर हिरवी पट्टी, पट्टीवर भाताचं ताट आणि खाली ओळ: 'मधुमेहींसाठी उत्तम. राष्ट्रीय अन्नघटक कोशानुसार कमी ग्लायसेमिक इंडेक्स.' कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'कावेरीकाठचा उकडा तांदूळ'. मी ती पिशवी उचलली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्यांदा म्हणाले, "जळ्ळीं मेलीं यांचीं तोंडें!" दुकानदार हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागला.

ती शिवी माझी नव्हे. मी सोलापूरची, आमच्याकडच्या शिव्या याहून दणदणीत असतात. ही शिवी डॉक्टर चंपकाबाईंची, आणि पिशवीवरची ती ओळसुद्धा त्यांच्याच कामातून निघालेली. त्या ओळीपायी बाईंनी काय काय सोसलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शांतपणे लिहावं म्हणून दोन दिवस थांबून बघितलं. राग काही उतरला नाही, तेव्हा आता आहे तसा लिहिते.

तंजावरात अन्नपदार्थ तपासणारी एक खासगी संस्था आहे. तिचं नाव सांगत नाही, तेवढा मान तिला द्यायची माझी इच्छा नाही. तिथे आहारशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या चंपकाक्का, आणि मी त्यांच्या हाताखाली आकडेमोडीला. त्यांचं घराणं कैक पिढ्या तंजावरचं, मेलवीदी या जुन्या रस्त्यावर राहणारं, घरात मराठी बोलणारं. पण देवनागरीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नसे. वाणसामानाची चिठ्ठीसुद्धा मराठी शब्द तमिळ लिपीत घालून लिहायच्या. बाजारात तमिळ, प्रयोगशाळेत इंग्रजी, आणि रागावायला मात्र फक्त मराठी. त्यामुळे संस्थेतल्या अस्सल तमिळ मुलींना मराठीत पाणी मागता येत नव्हतं, पण 'मठ्ठ', 'आळशी' आणि 'जळ्ळें मेलें' हे तिन्ही शब्द त्या खणखणीत म्हणायच्या.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मान वर न करता विचारलं, "गांव कोणचें?"

"सोलापूर."

"बरें. सोलापूर, हें वाच आणि यांत मूर्खपणा कोठें आहे तें सांग."

माझं नाव त्यांनी नंतरही कधी विचारलं नाही. मी अखेरपर्यंत सोलापूरच राहिले.

त्यांनी पुढे केला होता तो राष्ट्रीय अन्नघटक कोशाचा एक उतारा. देशात जे जे खाल्लं जातं त्यात पिष्ट किती, प्रथिनं किती, चरबी किती, याची ती सरकारी कोष्टकं. दवाखान्यातली आहारतज्ज्ञ त्यावरूनच पथ्य सांगते, शाळेतला डबा त्यावरूनच ठरतो. त्या कोष्टकांत आता एक नवा रकाना यायचा होता, ग्लायसेमिक इंडेक्सचा, आणि त्या भागातल्या पदार्थांचे आकडे आमच्या संस्थेनं काढायचे होते. सोप्या भाषेत सांगायचं तर, एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगानं आणि किती चढते याचा आकडा. निरोगी माणसाला उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजायचं, दोन तास थोड्या थोड्या वेळानं बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तेवढंच पिष्ट पोटात जाईल इतका भात द्यायचा आणि तेच पुन्हा करायचं. ग्लुकोजनं चढलेली साखर शंभर धरली तर भातानं चढलेली किती, तो भाताचा आकडा. आकडा मोठा असेल तर मधुमेह्यानं जपून खायचं.

मला दिलेल्या कागदावर एका ओळीत लिहिलं होतं, 'भात, शिजवलेला', आणि पुढे एक परदेशी आकडा.

"यात काय चुकलंय?" मी विचारलं.

"कोणचा भात?" अक्का कडाडल्या. "उकडा की न उकडलेला सुरय? नवा की जुना? कुकरांत की पेज काढूनु? कढत की सकाळचा? कुण्या देशांतल्या गोऱ्या पोरांचीं बोटें टोचूनु आणलेला आकडा माझ्या तंजावरच्या पानांत वाढतेत, आणि ही विचारते काय चुकलें!"

चुकलं काय ते तोवर कळलं होतं.

संस्थेतल्या बऱ्याच जणांचं मत होतं, की रिकाम्या जागा बाहेरच्या आकड्यांनी भरून टाकाव्यात. इडलीचा आकडा मिळाला नाही तर वाफवलेल्या कुठल्या तरी तांदळाच्या वड्यांचा घ्यावा, कोण बघतंय. उंटावर बसून शेळ्या हाकणारी मंडळी सगळीकडे असतात. अक्का अशा प्रत्येक आकड्यावर लाल काट मारायच्या आणि म्हणायच्या, "रिकामें असूं दे. रिकामें घर खोटें बोलत नाही." घर म्हणजे कोष्टकातला चौकोन. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की माझ्या स्वप्नात यायचं.

दिसायला बाई ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, वेणीत रोज ताजी मोगऱ्याची सर आणि पायांत पुरुषी चपला. चालताना चपला अशा आपटायच्या, की मुली आवाजावरून आजचा पारा ओळखायच्या. 'अंदाजे', 'साधारण', 'जवळपास' हे शब्द त्यांच्यासमोर वापरायची सोय नव्हती. लग्नाला गेल्या तर वधूवरांआधी आचाऱ्याची भेट घ्यायच्या. तिरुवैयारूला त्यांच्या आतेभावाच्या मुलीचं लग्न होतं, मलाही ओढून नेलं होतं. पहिल्या पंगतीत भात वाढायला आला, आणि अक्कांनी वाढप्याचा हात वरच्यावर धरला. "हा आज सकाळचा नाही." आचाऱ्याला बोलावणं गेलं. तो शपथेवर सांगायला लागला, की भात ताजाच आहे. अक्कांनी दोन शितं बोटांत चिरडून त्याच्या नाकापुढे धरली. मुलीचे वडील हात जोडून उभे, मागून सनई चाललेली, आणि या बाई आचाऱ्याला शिळ्या भातातलं पिष्ट कसं बदलतं ते समजावून सांगताहेत! शेवटी त्यानं कबूल केलं, की रात्रीच्या पाहुण्यांचा उरलेला भात ताज्यात मिसळला होता. "मग तसें बोल," अक्का म्हणाल्या, "वाईट नाही तो. चोकोट आहे. खोटें कां बोलतोस?" आणि तोच भात आणखी एक डाव मागून घेतला. त्यांचा राग शिळ्या भातावर नव्हताच.

आमच्याच संस्थेत भात कुकरमध्ये लावला म्हणून त्यांनी एकदा पूर्ण दिवसाचं काम फेकून दिलं. त्या भागातली पुष्कळ घरं अजून तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून, पातेलं कलतं ठेवून पेज काढतात. आपल्याकडे कोकणात त्याला भात वेळणं म्हणतात. पेजेबरोबर पिष्टही जातं. दुसऱ्या दिवशी अक्का रिक्षात घालून घरचं मोठं पातेलं आणि लाकडी झाकण घेऊन आल्या, लाखो रुपयांच्या यंत्रांच्या मधोमध ते कलतं करून ठेवलं आणि पेज गळून होईपर्यंत कुणाला तिथून हलू दिलं नाही. संचालक दारातून बघून गेले. ते बाहेर पडल्यावर अक्का म्हणाल्या, "त्यांस वास आवडला नाही. त्यांच्या घरीं भात हॉटेलांतूनु येतो."

इतकं जपून केलेलं ते काम. कावेरीकाठचा उकडा तांदूळ, घरोघरी शिजतो तसा शिजवलेला, तिथल्याच निरोगी माणसांनी खाल्लेला. ग्लुकोजचे दिवस झाले, भाताचे दिवस झाले, मी आकडे मांडले, आणि उत्तर आलं ते बघून मला वाटलं माझंच काही चुकलं. आकडा खाली, अगदी खालच्या वर्गात. पुन्हा मांडले. तोच आकडा.

संस्थेत दिवाळी झाली. संचालकांनी पेढे नाही, म्हैसूरपाक वाटला. मधुमेहावरच्या कामाला तेच शोभलं. तांदूळगिरणीवाल्यांची एक मंडळी भेटून गेली. आकडा कोशाच्या वरच्या समितीकडे रवाना झाला, अभ्यासकांच्या नावांत पहिलं नाव डॉ. चंपकाबाई. अक्का सुद्धा खूश होत्या, आणि त्यांची खुशी आम्हाला ओळखता येत नसल्यानं आम्ही घाबरून होतो. त्यांनी फोन लावला तो पापनाशमला, थोरल्या भावाला.

या गोविंदाण्णांविषयी सांगायला हवं. रेल्वेतून निवृत्त झालेले, विनोदी, गोल चेहऱ्याचे, आणि साखर किती वर्षांपासून होती ते त्यांनाही आठवत नसे. भातावर जीव. अक्कांनी त्यांचा भात तोडून वाटीभरावर आणला होता, आणि भावाबहिणीचं सगळं बोलणं त्या एका वाटीभोवतीच फिरायचं. आईविना वाढलेली दोघं. अक्कांना शिकवलं ते अण्णांनी. त्या दिवशी अक्का फोनवर म्हणाल्या, "अण्णा, आपला तांदूळ चांगला निघाला रे. मीच मोजलें. आतां थोडा वाढवूं." पलीकडून अण्णांनी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण अक्का हसल्या. त्यांना हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

पुढच्या तांदळाची चाचणी सुरू झाली होती. त्यात एक स्वयंसेवक होते ओरत्तनाडूचे राणोजीराव. पहिल्या चाचणीतही ते होते. धिप्पाड, प्रामाणिक, वेळेचे पक्के. एकदा आम्ही सरकारी कामाला पहाटे तिकडेच गेलो होतो, तेव्हा परतताना त्यांना गाडीत घेऊन यायचं ठरलं. त्यांचा त्या दिवशी भाताचा दिवस होता. आम्ही त्यांच्या ओसरीवर टेकलो. आतून कॉफी आली, वाफाळती, दबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, टंब्लर ठेवून. एक अक्कांना, एक मला, आणि तिसरी राणोजीरावांनी स्वतः उचलली.

मी बघत राहिले. राणोजीरावांनी उंचावरून कॉफी दबऱ्यात ओतली, पुन्हा टंब्लरमध्ये ओतली आणि एक घोट घेतला.

अक्कांचा टंब्लर ओठांपाशी थांबला. "राव, तुमची आज टेस्ट आहे."

"होय अक्का. म्हणूनच इडली खाल्लों नाही. पोट रिकामेंच आहे."

"आणि हें?"

"हें काय? कॉफी!" राणोजीरावांना प्रश्नच कळला नाही. "कॉफी म्हणजे खाणें काय?"

अक्कांनी टंब्लर खाली ठेवला. "पहिल्या वेळेसही घेतलां होतां?"

"रोज घेतों. उठूनु तोंड धुतलें की कॉफी. देवाच्या उपासालाही चालते."

"साखरेच्या पाण्याच्या दिवशीं?"

"अय्यो! त्या दिवशीं नोको वाटतें. कॉफीवर तें गोड पाणी प्यालें तर उलटी होते. अस्के तसेंच करतेत. भाताच्या दिवशीं मात्र घेतों. भाताला कॉफीची काय अडचण?"

तंजावरी मराठीत 'अस्के' म्हणजे सगळे. आता वाचणाऱ्याला यातली गोम सांगते. ग्लुकोजच्या दिवशी पोट खरोखर रिकामं. भाताच्या दिवशी आधीच दूध-साखरेची कॉफी पोटात, म्हणजे साखर अगोदरच थोडी चढलेली. मग भातानं वर चढली ती कमी दिसणार, आणि आकडा खाली येणार. तांदळाचा त्यात काडीचा गुण नव्हता. संस्थेच्या इंग्रजी सूचनेत 'फक्त पाणी' असं छापलेलं होतं. ते समजावून सांगताना अक्का दर वेळी म्हणायच्या, "कांही खायचें नाही, रिकाम्या पोटीं यायचें," आणि सगळे होय म्हणायचे. तंजावरात सकाळची कॉफी ही खाण्यापिण्यात मोजतच नाहीत. एकानंही फसवलं नव्हतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे अक्का स्वतः रोज घरून कॉफी पिऊन यायच्या आणि अकरा वाजता मला म्हणायच्या, "सोलापूर, सकाळपासूनु पोटांत कांही नाही गे." मीही त्याला कधी हरकत घेतली नव्हती. आमच्याकडे चहाचं तेच असतं.

परतताना गाडीत, तंजावरची हद्द लागली तेव्हा अक्कांनी एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या, "जळ्ळें माझें शिक्षण." ती शिवी त्यांनी स्वतःला दिलेली तेवढ्या एका वेळीच ऐकली.

दोन दिवसांत त्यांनी पहिल्या चाचणीतल्या सगळ्यांना गाठून विचारलं. जवळजवळ सगळ्यांची तीच कथा. माझ्याकडून त्यांनी उपाशीपोटीचे आकडे पुन्हा काढून घेतले, आणि ते तिथेच होते, आमच्या नाकासमोर: भाताच्या दिवशी सुरुवातीची साखर थोडी वर. प्रत्येक आकडा निरोगी माणसाच्या मर्यादेत, म्हणून कुणाची नजर तिथे गेली नव्हती.

मग आम्ही संचालकांकडे गेलो. तो प्रसंग आठवला की अजून माझ्या हाताच्या मुठी वळतात.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं, अगदी हसतमुखानं. मग म्हणाले, "मॅडम, उपाशीपोटीचे सगळे आकडे नॉर्मल आहेत. म्हणजे ते उपाशीच होते. कॉफी कुठे नोंदली आहे? नाही ना? मग नाही."

"ते प्यायले आहेत. मी विचारून आले."

"तुम्ही विचारायला नको होतं."

अक्का खुर्चीतून उठल्या. इंग्रजी सुटली, तमिळ सुटली, उरली ती मराठी. "माणसें भात खातील! ऐकूं येतें काय? साखरेचीं माणसें हा आकडा वाचूनु भात खातील! तें घर रिकामें करा. आकडा मागें घ्या. मी पुन्हां करतें, अस्क पुन्हां करतें."

संचालकांना मराठी कळत नव्हती, पण अर्थ कळायला भाषा लागतच नव्हती. ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू. तोपर्यंत गिरण्यांच्या पिशव्या छापून झाल्यात. एका कपासाठी एवढा तमाशा?"

एक कप! कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची? अक्कांनी समितीला स्वतः कळवलं. तिथून सभ्य उत्तर आलं, की दुरुस्तीची विनंती संस्थेमार्फत यावी. संस्था म्हणजे संचालक. अक्कांची नोकरी निवृत्तीनंतरच्या मुदतवाढीवर चालली होती. ती मुदतवाढ त्या वर्षी गुपचूप संपली. निरोप समारंभात त्यांना शाल दिली. त्यांनी ती तिथेच टेबलावर ठेवली आणि चपला आपटत निघून गेल्या. ज्यांनी इतकी वर्षं त्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या मुली जिन्यात रडत उभ्या होत्या, आणि खुर्चीत बसलेली पुरुषमंडळी समोसे खात होती. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कितीसं धाडस लागतं?

बाई घरी स्वस्थ बसल्या नाहीत. मेलवीदीच्या घरातल्या मागच्या पडवीत त्यांनी ती चाचणी पुन्हा केली. ओरत्तनाडूहून राणोजीराव आले, बाकीचेही बरेचसे आले. ज्या आकड्यामुळे आपली बाई घरी बसली तो आपल्या कॉफीनं बिघडला, हे त्या माणसांना लागलं होतं. राणोजीराव शपथ घेतल्यासारखे ताठ बसायचे आणि म्हणायचे, "पाणीसुद्धां विचारूनु पितों." अक्कांनी त्या काळात स्वतःही सकाळची कॉफी बंद केली. डोकं ठणकायचं, आणि मग सगळ्यांना मिळून शिव्या बसायच्या. मी सुटीच्या दिवशी जाऊन आकडे मांडायची. उत्तर आलं ते कुठल्याही साध्या पांढऱ्या भाताचं येतं तेवढंच. कावेरीकाठचा तांदूळ चवीला चोकोट, पण साखरेच्या बाबतीत चारचौघांसारखाच. अक्कांनी ते उत्तर समितीला पाठवलं, संस्थेला पाठवलं, जिथे पत्ता मिळेल तिथे पाठवलं. घरच्या पडवीत केलेल्या कामाला कोण विचारतं?

नवी कोष्टकं आली. आकडा होता. खाली बारीक अक्षरांत नावंही होती.

गोविंदाण्णांना अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की चूक झाली, भात पुन्हा वाटीभर. अण्णा होय म्हणाले. पण मनात एक गोष्ट बसली की निघत नाही, आणि ही तर मनाजोगती गोष्ट होती. नवी कोष्टकं आल्यावर नातवानं त्यांना फोनवर ती उघडून दिली. मग त्यांनी बहिणीशी वाद घालायचंच सोडलं. मी एकदा अक्कांबरोबर पापनाशमला गेले होते. पानावर भाताची रास, त्यात सांबाराला विहीर केलेली, आणि अण्णा जेवताहेत. अक्का दारातूनच ओरडल्या. अण्णांनी डाव्या हातानं फोन पुढे केला.

"चंपका, सरकारचें आहे. खालीं तुझेंच नांव आहे, बघ."

"नांव माझें आहे, आकडा खोटा आहे!"

"तूं रागांत आहेस," अण्णा समजुतीनं म्हणाले. "नोकरी गेली, म्हणूनु म्हणतेस. जेव आधीं."

अक्कांनी पान उचललं आणि सगळा भात मागच्या अंगणात गाईपुढे टाकला. अण्णा हसले. आपण गेल्यावर ते पुन्हा वाढून घेणार, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

त्यांच्या पायाला जखम झाली ती कधी, हे त्यांनी लपवलं. पायाचा अंगठा काळा पडल्यावर तंजावरच्या इस्पितळात आणलं, आणि घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. मला कुणी शास्त्र सांगू नका. एका आकड्यानं कुणाचा पाय जात नाही, साखर जुनी होती, जखम लपवली होती, सगळं मला ठाऊक आहे. अक्कांना तर माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पण अण्णांनी वर्षभर ढीगभर भात खाल्ला तो कुणाच्या भरवशावर, हेही आम्हाला ठाऊक होतं. तो हसतमुख संचालक मात्र अजून म्हैसूरपाक वाटायला मोकळा आहे.

मी तंजावर सोडण्याच्या आदल्या दिवशी इस्पितळात गेले. पुरुषांचा लांबलचक कक्ष, दोन्ही बाजूंना खाटा. अण्णा झोपले होते, पायाकडची चादर सपाट. अक्का स्टुलावर. तेवढ्यात आहारतज्ज्ञ आली, अगदी कोवळी मुलगी, नुकती शिकून आलेली. प्रत्येक खाटेपाशी पथ्याचा छापील कागद ठेवत होती. अण्णांच्या उशाशी कागद ठेवताना तिनं तक्त्यावर सोबतीला म्हणून लिहिलेलं अक्कांचं नाव वाचलं, अक्कांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तमिळमध्ये म्हणाली, "मॅडम, तुम्हीच का त्या? आम्हाला तुमचा तांदूळ शिकवला होता! बघा, मी सगळ्यांना तोच लिहिते."

अक्कांनी कागद घेतला. उकड्या तांदळाची ओळ बोटानं शोधली. मला वाटलं आता ही पोर भाजून निघणार. पण अक्कांनी तिच्या खिशातलं पेन काढून घेतलं, ती ओळ काटली, आणि उठल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या कागदावरची ओळ काटली. मग त्याच्या पलीकडच्या. चपला आपटत एकामागून एक खाट घेत त्या पुढे निघाल्या, माणसं उठून बसायला लागली, परिचारिका धावली, कुणीतरी पहारेकऱ्याला हाक मारली. एका खाटेवरचा माणूस आपला कागद छातीशी घट्ट धरून बसला, सोडेना. 

"सरकारी कागद आहे," तो ओरडला. "यावर रेघा ओढणाऱ्या तुम्ही कोण?"

अक्कांनी धावत आलेल्या पहारेकऱ्याच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला आणि सगळ्या कक्षाला ऐकू जाईल अशा तमिळमध्ये म्हणाल्या, "हे लिहिलंय ना, ते लिहिणारी बाई मी. सोडा तो कागद."